कामगार वस्तीत खोल्या घेऊन भाड्याने देताना काय काय बघायचं

आमच्या ह्यांनी २०१७ ला कंपनीतून व्हीआरएस घेतली तेव्हा हातात आलेल्या पैशाचं काय करायचं यावर घरात महिनाभर चर्चा चालली होती. नातेवाईक सगळे म्हणत होते वाकडला नाहीतर हिंजवडीला टू बीएचके घ्या, आयटीवाले भाडेकरू मिळतात, डोक्याला ताप नाही. आम्ही घेतल्या त्या पिंपरी-चिंचवडमधल्या चिखली-मोशीच्या बाजूला आठ खोल्या, खाली चार वर चार, दहा बाय बाराच्या. तेव्हापासून त्या मीच बघते, भाडं गोळा करण्यापासून ते प्लंबरच्या मागे लागण्यापर्यंत. आता ओळखीतले बरेच जण विचारतात की आम्हालाही भोसरी, चाकण, तळेगाव बाजूला अशा खोल्या घ्यायच्यात, काय करू, म्हणून सगळं एकदाच लिहून काढते.

आधी हिशोब, कारण एजंट जो हिशोब सांगतो तो अर्धाच असतो. आमचे सगळे मिळून ४६ लाख गेले. आठ खोल्या, प्रत्येकी ४५०० भाडं म्हणजे महिन्याला ३६ हजार, वर्षाला ४ लाख ३२ हजार, एजंट म्हणतो बघा नऊ टक्क्यांच्या वर रिटर्न! पण खोल्या बारा महिने भरलेल्या नसतात, मे महिन्यात शाळा सुटल्या की बायकापोरं गावाला जातात आणि काही जण खोलीच सोडून जातात, दिवाळीत पण तसंच, म्हणून प्रत्येक खोली वर्षातून एक महिना रिकामी जाणार असं धरा, ३६ हजार गेले. मिळकतकर १४ हजार, जिन्यातली लाइट, मोटर आणि उन्हाळ्यातले टँकर मिळून ३० हजार, झाडलोट आणि संडास साफ करणाऱ्या मावशींचे १८ हजार, करारांचे १० हजार, दुरुस्तीचे ४० हजार. हातात उरतात २ लाख ८४ हजार, म्हणजे सहा टक्के आणि वर थोडंसं, जवळपास एफडीइतकंच. जागेची किंमत वाढते तो फायदा वेगळा, पण तो विकल्याशिवाय हातात येत नाही. हा हिशोब मान्य असेल तरच पुढे जा, कर्ज काढून भाड्यातून हप्ता फेडू असा विचार असेल तर मी सरळ नको म्हणेन.

आणि याच हिशोबात या धंद्याची खरी गोम आहे. भाडं ४५०० चं ४८०० केलं तर एका खोलीचे वर्षाला ३६०० वाढतात, पण त्या तीनशेपायी चांगलं राहणारं कुटुंब सोडून गेलं आणि खोली एक महिना रिकामी राहिली की ४५०० गेले, वर रंग, नवीन करार, आणि नवीन माणूस कसा निघेल ते माहीत नाही. म्हणून इथे कमाई भाडं ताणून होत नाही, माणूस टिकवून होते. आमच्याकडे लातूरकडचं एक जोडपं सहा वर्षं राहिलं, त्यांचं भाडं मी दरवर्षी दोनशेच्या वर कधी वाढवलं नाही आणि त्या खोलीवर माझा सगळ्यात कमी खर्च झालाय.

आता खरेदी. या पट्ट्यात स्वस्तात मिळणारी जागा का स्वस्त आहे हे शोधल्याशिवाय टोकन द्यायचं नाही. रेड झोन बघा, देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवती २००० यार्डांपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि दिघीच्या बाजूलाही लष्करी हद्दीमुळे असाच पट्टा आहे, तरी तिथे खोल्यांची सर्रास खरेदी-विक्री चालते. दुसरी नदीची पूररेषा. मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले (जिथे बांधकामाला बंदी असते) ३६ बंगले महापालिकेने पाडले, लोकांनी आयुष्यभराची कमाई घातली होती हो त्यात, टॅक्स भरत होते, लाइट होती, पाणी होतं, तरी पाडले. त्यामुळे "टॅक्स पावती आहे, मीटर आहे, काही होत नाही" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, टॅक्स पावती हा मालकीचा पुरावा नाही आणि बांधकाम अधिकृत असल्याचा तर नाहीच नाही. महापालिकेच्या विकास आराखड्यात आपला सर्व्हे नंबर कुठे येतो, रस्त्याचं नाहीतर कसलं आरक्षण आहे का, ते स्वतः जाऊन बघून या.

नोटरी करून किंवा कुलमुखत्यारपत्रावर खोल्या घेऊ नका. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच स्पष्ट सांगितलंय की नुसत्या मुखत्यारपत्राने जागेची मालकी येत नाही, दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर झालेलं खरेदीखतच लागतं. एक-दोन गुंठ्यांचा व्यवहार असेल तर तुकडेबंदी कायदा (जमिनीचे फार लहान तुकडे विकायला आळा घालणारा) आणि गुंठेवारी नियमितीकरण (गुंठ्या-गुंठ्याने विकलेले प्लॉट अधिकृत करून घेणं) दोन्ही विषय येतात, त्यातले नियम मधल्या वर्षांत बदलत राहिलेत, त्यामुळे तिथे वकिलाचे पाच-दहा हजार वाचवायला जाऊ नका, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जागा आधी कुणाकुणाच्या नावावर होती आणि त्यावर काही बोजा आहे का याचा तपास, काढून घ्या. सातबारा सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या हव्यात, बहिणींच्या पण, हे लोक हमखास विसरतात. एक सोपी परीक्षा सांगते, कर्ज नको असलं तरी सरकारी बँकेत त्या मिळकतीवर लोन मिळेल का विचारून बघा, नाही म्हणाले तर का नाही ते विचारा, तिथेच निम्मी माहिती मिळते.

जागा बघायला रविवारी दुपारी जाऊ नका, कामाच्या दिवशी सकाळी साडेपाच-सहाला जा. तेव्हा पाण्याची रांग दिसते, संडासाची रांग दिसते, फर्स्ट शिफ्टची बस कुठून सुटते ते कळतं. मी तशी गेले होते तेव्हा नळावर एक बाई भेटली, ती म्हणाली "काकू खोली चांगली आहे हो, पण संडास दोनच आहेत आठ घरात". आधीच्या मालकाने ही गोष्ट सांगितलीच नव्हती. मी घेतल्यावर पहिलं काम तेच केलं, दोनाचे चार संडास केले, दोन घरात एक, प्रत्येकाला कुलूप आणि दोन्ही घरांना एकेक चावी. नव्वद हजार गेले आणि सगळे म्हणत होते कशाला. पण कुलूप लागल्यावर ते संडास त्या दोन घरांचे झाले, साफ राहायला लागले, आणि मुख्य म्हणजे बायकामुलं असलेली कुटुंबं राहायला यायला लागली, आधी सगळी एकटी पोरं असायची आणि दर चार महिन्यांनी बदलायची. खोलीत टीव्हीचा पॉइंट आहे का, फरशी कुठली आहे, हे नंतर. बाई आधी पाणी आणि संडास बघते आणि खोली घ्यायची की नाही हे घरात तीच ठरवते.

पाण्याचं गणित आधीच करून ठेवा. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून पाणी दिवसाआड येतं. आठ खोल्यात तिघे धरले तर २४ माणसं, माणशी ९० लिटर म्हणजे रोजचे दोन हजारांच्या वर, दोन दिवसांचे साडेचार हजाराच्या आसपास. आमच्याकडे गच्चीवर हजार लिटरची एकच टाकी होती, पहिल्या उन्हाळ्यात रोज भांडणं, एकीने ड्रम भरला की दुसरी रिकामी. मग खाली पाच हजार लिटरची जमिनीतली टाकी केली, भांडणं जवळजवळ थांबली. टाकी साफ केल्याची तारीख मी खडूने टाकीवरच लिहून ठेवते, तीन महिने झाले की माणूस बोलावते.

लाइटच्या बाबतीत आधीच्या मालकाची पद्धत होती एक मीटर आणि प्रत्येक खोलीला सब-मीटर, आणि युनिटला मनाला येईल तो दर. हे करू नका. एक तर माणसाला आपण लुटले जातोय हे कळतं, आणि दुसरं म्हणजे महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो, १०० युनिटपर्यंत एक, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, त्यापुढे अजून जास्त. एका खोलीचा वापर ७० युनिट असतो, म्हणजे स्वतंत्र मीटर असेल तर ते सगळ्यात स्वस्त टप्प्यात बसतात, पण आठही खोल्या एका मीटरवर आल्या की ५६० होतात आणि गरीब माणूस महागड्या टप्प्याचे पैसे भरतो. आठ मीटर वेगळे घेतले, खेटे घालावे लागले, पण आता बिल त्यांचं ते भरतात आणि माझ्याकडे त्या विषयावर कुणी येत नाही.

वायरिंगवर मात्र पैसे घालाच. पाणी तापवायचा रॉड आणि इंडक्शन शेगडी प्रत्येक खोलीत असणार, तुम्ही नको म्हणालात तरी असणार. वरच्या एका खोलीत पाच अँपियरच्या साध्या सॉकेटला रोज रॉड लावत होते, एक दिवस मी सहज गेले तर सॉकेट काळा पडून प्लास्टिक वितळून खाली ओघळलेलं, आणि त्याच्या खालीच लेकराची गादी. त्या दिवशी माझे हातपाय गार पडले. त्याच आठवड्यात सगळ्या खोल्यांत रॉडसाठी १६ अँपियरचा वेगळा पॉइंट जाड वायरने काढला, प्रत्येक खोलीला जास्त लोड आला की पडणारा एमसीबी आणि शॉक लागला की पुरवठा तोडणारा आरसीसीबी बसवला, अर्थिंग नव्याने केलं. हे खरेदीच्या खर्चात आधीच धरा. गॅसचं पण बघा, चौकातल्या दुकानात भरून मिळणारी छोटी शेगडी-टाकी कुणी आणली तर ठेवू देऊ नका, कंपनीचा पाच किलोचा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, तो कुठे मिळतो ते सांगा.

आता माणूस. जात कुठली, गाव कुठलं, काय खाता, हे मी विचारत नाही आणि तुम्हीही विचारू नका. त्यावरून भाडं वेळेवर येतं की नाही हे कळत नाही, आणि माणसाला दारातच लहान केल्यासारखं होतं. मी विचारते कामाला कुठे, पगार कितव्या तारखेला होतो, किती जण राहणार, आधीची खोली का सोडली. जमलं तर आधीच्या मालकाला फोन करते. पोरांचा ग्रुप असेल तर करारात चौघांची नावं घालते, एकाच्याच नावावर केलं तर तो गावाला जातो आणि बाकीचे तिघे म्हणतात आम्हाला माहीत नाही.

करार हा रजिस्टरच करायचा, पाचशेच्या स्टॅम्पवर टाइप करून सही करणं म्हणजे करार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ आहे, लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीचा भाडेकरार, लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची आहे, अकरा महिन्यांचा असला तरी. केला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं. खर्च फार नाही, स्टॅम्प ड्युटी एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज यावर पाव टक्का, म्हणजे ४५०० भाडं आणि ९ हजार डिपॉझिट असेल तर सव्वाशे-दीडशे रुपये होतात, नोंदणी फी महापालिका हद्दीत १००० आणि ग्रामीण भागात ५००. सगळं ऑनलाइन होतं, एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो.

इथे एक अडचण हमखास येते, प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून पार्ट बनवतात तिथे) आणि कुलंटमध्ये (मशीन थंड ठेवायच्या तेलकट पाण्यात) काम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन अंगठा घेतच नाही. एका भाडेकरूची दहाही बोटं लावून झाली, शेवटी कोमट पाण्याने हात धुऊन थोडं खोबरेल लावून पुसून घेतलं तेव्हा डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा ठसा लागला. तो बिचारा ओशाळला होता, जसं काही त्याचीच चूक. अशा वेळी घाई करू नका, चहा ठेवा.

भाडेकरूला करार नको वाटतो कारण त्याला वाटतं की ही मालकाचीच सोय आहे. त्याला नीट सांगा, आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांवर मुलाचा प्रवेश घ्यायचा तर पत्त्यासाठी रजिस्टर भाडेकरारच चालतो, गॅस, बँक, आधारचा पत्ता सगळीकडे तो कामाला येतो. आमच्या खालच्या खोलीतल्या मुलीला त्याच करारावर चांगल्या शाळेत प्रवेश मिळाला, तेव्हापासून नवीन येणाऱ्यांना तिची आईच समजावून सांगते. पोलिसांना भाडेकरूची माहिती पण त्याच दिवशी द्या, महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवरून होतं, पोलिसांची परवानगी घ्यायची नसते, फक्त कळवायचं असतं, पण नाही कळवलं तर मालकावरच गुन्हा दाखल होऊ शकतो.

बऱ्याच मालकांना भीती असते की बारा वर्षं राहिला की खोली त्याची होते, म्हणून चांगल्या माणसालाही अकरा महिन्यांनी काढतात. असं नसतं. तुमच्या परवानगीने, करार करून राहणाऱ्याला तसा ताबा सांगता येत नाही. करार वेळच्या वेळी नवीन करत राहा, बस.

भाड्याची तारीख पगाराच्या तारखेनंतरची ठेवा. मी सुरुवातीला एक तारीख ठेवली होती, सगळेच उशीर करायचे, मला राग यायचा. मग लक्षात आलं की ठेकेदाराकडच्या लोकांचा पगारच सात ते दहा तारखेला होतो, एक तारखेला देणार कुठून? बारा तारीख केली आणि उशीर जवळपास संपले. पैसे यूपीआयने घेतले तरी पावती द्या, कायद्यानेच ती द्यायची असते, मी साधं छापील पावतीपुस्तक वापरते. कुणाचं भाडं थकलं तर पहिल्याच महिन्यात घरी जाऊन बसा आणि काय झालं ते विचारा, दोन-तीन महिने वाट बघितली की रक्कम एवढी होते की माणूस तोंड चुकवायला लागतो आणि एक दिवस रात्रीत निघून जातो. अपघात, आजारपण, कंपनीने ब्रेक दिलाय म्हणजे काही दिवस कामावरून बसवलंय, असं असतं, हप्ते पाडून द्या. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या पाच खोल्या रिकाम्या झाल्या, लोक मिळेल त्या गाडीने गावाकडे गेले, एप्रिलमध्ये राज्य सरकारनेही मालकांना तीन महिने भाडं पुढे ढकला असं सांगितलं होतं. ज्यांचं सामान खोलीत होतं त्यांची कुलपं मी तशीच ठेवली, पाचातले तीन परत आले आणि थकलेलं हळूहळू दिलं. म्हणून सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच या धंद्यात उतरा.

खोली सोडतच नाही असा माणूस आठ-दहा वर्षांत एखादा भेटतो. काही झालं तरी त्याचं पाणी तोडायचं नाही, लाइट तोडायची नाही, कुलूप लावायचं नाही. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ मध्ये अत्यावश्यक सेवा तोडायला मनाई आहे, आणि कायदा नसता तरी घरात लेकरं असताना असं करू नये. रजिस्टर करार असेल तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळाचं दुप्पट भाडं मागता येतं. माझ्यावर एकदाच ती वेळ आली आणि अर्जाचा कागद दाखवून, एक महिन्याचं भाडं सोडते पण वीस तारखेपर्यंत खोली दे असं सांगितलं, ऐकलं त्याने.

इन्कम टॅक्सचं थोडक्यात, मिळालेल्या भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा करायचा आणि उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. दुरुस्तीची बिलं वेगळी लावता येत नाहीत. भाडं रोख घेऊन न दाखवण्याच्या भानगडीत पडू नका.

दुरुस्तीचा माझा नियम आहे, पाण्याची आणि लाइटची तक्रार त्याच दिवशी, बाकीची रविवारी. गळका नळ ऐंशी रुपयांचा वायसर टाकून बंद होतो, पण महिनाभर नाही केला तर भिंत ओली होते, खालच्या घरात पोपडे पडतात आणि सगळ्यांना कळतं की ही बाई भाडं घेते पण लक्ष देत नाही. पावसाळ्याआधी मे महिन्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि चेंबर साफ करणं ही दोन कामं न चुकता करून घ्या. वर पत्र्याच्या खोल्या असतील तर उन्हाळ्यात दुपारी आत बसवत नाही, नाइट शिफ्ट करून आलेला माणूस तिथे झोपणार कसा, म्हणून पत्र्याखाली छत लावून द्या आणि वरून पांढरा रंग मारा, फरक पडतो.

डिपॉझिट मी दोनच महिन्यांचं घेते, त्याहून जास्त या लोकांकडे एकरकमी नसतं, असलं तर ते सोनं मोडून आणलेलं असतं. येताना खोलीचे फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये काढून ठेवायचे, भिंती, नळ, सॉकेट, दरवाज्याची कडी, मीटरचं रीडिंग. जाताना तेच फोटो उघडून दोघांनी मिळून बघायचं आणि हिशोब तिथेच उभ्या उभ्या. रंगाचे पैसे कापू नका, दोन वर्षं माणूस राहिला तर भिंत मळणारच. उरलेले पैसे सामान टेम्पोत चढायच्या आधी हातात द्या, नंतर या, पुढच्या महिन्यात या, असं नको. ते लातूरचं जोडपं मागच्या वर्षी गेलं, आळंदी रोडला स्वतःचं वन आरके घेतलं त्यांनी. टेम्पोत कपाट चढवत होते तेव्हा मी डिपॉझिटचे सगळे पैसे दिले आणि विचारलं तुमच्या कंपनीत कुणाला खोली पाहिजे का, तो म्हणाला काकू, दोघं जण कधीचे विचारतायत तुमची खोली रिकामी झाली का म्हणून. रविवारी ते गेले आणि बुधवारी नवीन कुटुंब राहायला आलं.